एका रोटीला दोन चावे

नदीपलीकडच्या वाळवंटातला अफगाणी वारा कधी सांगून येत नाही. ओयदिन बालवाडीतून निघाली तेव्हा आभाळ निळंशार होतं. कोपरा वळेपर्यंत नदीकडून धुळीची पिवळी भिंत चालत आली आणि समोरचा रस्ताच गिळून बसली. डोक्यावरचा रुमाल तोंडाशी धरून ती चाचपडत बसथांब्याच्या पत्र्याआड शिरली, ती थेट कुणाच्या तरी पायावर.

"असू द्या," अंधारातून आवाज आला. "दुसरा आहे माझ्याकडे."

तिला हसू आलं. हसायला तोंड उघडलं तर दातांत वाळू.

बोलणाऱ्याच्या काखेत एक लांबोडकं खरबूज होतं. दुसऱ्या हाताने त्याने आपलं जाकीट काढून दोघांच्या डोक्यावर धरलं. जाकीट एकच, त्यामुळे जवळ उभं राहणं भाग होतं. छावणीत वाढलेली मुलगी माणसाचं तोंड नंतर बघते, आधी बूट. ओयदिनने बघितले. कॅनव्हासचे जुने बूट, एका अंगठ्यापाशी भोक. मग कुठे तिने मान वर केली. डोळे हसरे होते, पापण्या धुळीने पिवळ्या झालेल्या.

"काय करता तुम्ही?"

"ड्रायव्हर आहे. कोबी, बटाटे, कांदे... कधीमधी रॉकेल."

"बस, एवढंच?"

"साखरपण असते. पण तुमच्यासमोर साखरेचं काय सांगायचं?"

"हे वाक्य सगळ्यांना म्हणता?"

"आजच पहिल्यांदा जमलं," तो म्हणाला, आणि खरंच लाजला.

त्याचं नाव एल्योर. वारा थांबल्यावर त्याने खरबूज तिच्या हातात दिलं आणि चालू लागला. पुढच्या शुक्रवारी तो बालवाडीच्या कुंपणापाशी हजर होता. "खरबूज गोड निघालं का, तेवढंच विचारायला आलो." त्याच्या पुढच्या शुक्रवारी भाजलेल्या जर्दाळूच्या बिया. मग काही दिवस गायबच झाला, आणि आला तो नाक उन्हाने सोललेलं घेऊन. मुलं कुंपणाला लटकून ओरडायची, "बाई, तुमचे बटाटेवाले आले." ओयदिन त्यांना रागवायची आणि वेणी पुढे घ्यायची.

तिला तो आवडला होता, यात आता लपवण्यासारखं काही नव्हतं. त्यातलं अर्धं आवडणं तर त्या फाटक्या बुटांमुळेच होतं. कारण ओयदिनने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, सैनिकाशी लग्न करायचं नाही. दंतवैद्य चालेल, खरबूजवाला चालेल, टक्कल पडलेला कारकूनही चालेल.

तिचे वडील, मेजर हमदम, सीमेवरचे अधिकारी. त्यांच्या बदलीबरोबर घर बदलायचं, शाळा बदलायची, जिवाभावाच्या मैत्रिणी मागे पडायच्या. प्रत्येक नव्या घरात आई पडदे लावायच्या आधी स्वयंपाकघरात एक खिळा ठोकायची. बाबा चौकीवर निघाले की आई गरम रोटी त्यांच्यापुढे धरायची. ते तिचा एक चावा घ्यायचे. उरलेली रोटी कापडात बांधून खिळ्याला टांगायची, आणि परतल्यावर त्यांनी स्वतःच ती संपवायची, मग ती वाळून कडकडीत का होईना. रोटी आपल्या माणसाला हाक मारते, असं घरोघरी मानत. ओयदिन त्या गाठोड्याकडे बघत बघत मोठी झाली. जिन्यात जड पावलं वाजली की तिचा हात ताटातच थांबायचा. एकदा, ती लहान असताना, शेजारची रोटी खिळ्यावरच राहिली. त्या बाईंनी पुढे ती कधीच काढली नाही. ओयदिनने त्या घरी खेळायला जाणं सोडलं, आणि का सोडलं हे आईलाही सांगितलं नाही.

त्या शरद ऋतूत बाबा पुन्हा डोंगरातल्या चौकीवर गेले. वर काहीतरी बिघडलं होतं. घाटाच्या रस्त्यात सुरुंग सापडताहेत, असं बायका तंदुरापाशी कुजबुजत आणि मुलगी जवळ आली की भाज्यांच्या भावाबद्दल बोलू लागत. खिळ्यावरची रोटी वाळत चालली. आईचा जीव टांगणीला लागला होता, पण ती तोंडाने काही बोलत नव्हती. नुसती धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायची.

एके दिवशी तिने लोकरीचे मोजे विणून संपवले. "गेटवर नेऊन दे," ती ओयदिनला म्हणाली. "उद्या शिधा घेऊन गाड्या वर जातायत. ड्रायव्हरच्या हातात दे, दुसऱ्या कुणाकडे नको."

ओयदिन गेली. कालपासून पुन्हा तोच वारा सुटला होता. गेटपाशी ट्रक उभे होते, आणि पहिल्या ट्रकचं झाकण उघडून आत वाकलेल्या सैनिकाच्या पायात जड काळे बूट होते. ती त्याच्या पाठीशी बोलली, "मेजर हमदम यांचे मोजे आहेत." तो वळला. सोललेलं नाक.

त्याने ट्रकचं झाकण हळूच खाली घेतलं.

"तुम्ही कोबी वाहता म्हणालात," ती म्हणाली.

"मागे बघा. कोबीच आहे."

"कुठे नेता, ते नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलं नाही." त्याने मान खाली घातली. "आणि सांगितलं असतं, तर त्या शुक्रवारी तुम्ही कुंपणापाशी आला असतात?"

आली नसती. हेच खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. मोजे त्याच्या हातात कोंबून ती वळली.

"ओयदिन... ऐका तरी. माझी आई तिकडे फरगान्यात. इथे माझ्यासाठी रोटी धरणारं कुणी नाही. दर वेळी तसाच जातो. या वेळी वाटलं..." तो थांबला. "तुम्ही धराल?"

त्यांच्याकडे मुलगा मुलीला असं उगाच विचारत नाही; रोटी धरायची ती आईने, नाहीतर बायकोने.  एका खिळ्याकडे बघत अख्खं बालपण गेलं, आणि आता हा दुसरा ठोकायला सांगतोय.

"आमच्याकडे एकच खिळा आहे," ती म्हणाली. "त्यावर जागा नाही."

ती मागे न बघता घरी आली. आईने विचारलं, दिलेस का? ती म्हणाली, दिले.

सकाळी इंजिनांच्या घरघरीने तिला जाग आली आणि ती ताडकन उठून बसली. तो तसाच निघालाय. त्याला हाक मारायला या जगात एक तुकडासुद्धा टांगलेला नाही, आणि तो तुकडा आपण नाकारला. ती स्वयंपाकघरात धावली. डबा रिकामा. अंगणातले तंदूर या वाऱ्यात पेटवणार कोण? परवापासून सगळी वस्ती शेवया उकडून खात होती. तिने शेजारच्या ताईंचं दार वाजवलं. हमिदा-ओपांकडेही रोटी नव्हती, समोरच्या घरीही नव्हती.

घरात रोटी एकच होती. खिळ्यावर.

आई नमाजाला बसली होती. ओयदिनने हात वर नेला, मागे घेतला, पुन्हा वर नेला. मग गाठोडं छातीशी धरून तिने जी धूम ठोकली, ती गेटपाशीच थांबली. पहिला ट्रक हलला होता. ती सरळ त्याच्यापुढे उभी राहिली.

एल्योरने ब्रेक मारला आणि खाली उडी टाकली. "वेड लागलंय का? धुळीत काही दिसत नाही मला."

"चावा," तिने कापड सोडून रोटी पुढे केली.

त्याचा चेहरा असा उजळला की तिला रडूच यायला लागलं. त्याने रोटी तोंडाला लावली आणि थांबला. "ही कधीची आहे? दगड झालाय."

"बोलू नका. चावा."

"आणि हा इकडचा चावा... हा कुणाचा?"

"बाबांचा."

सुरुंगांच्या रस्त्यावर हसत गाडी नेणाऱ्या त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. "मेजर साहेबांच्या रोटीला मी तोंड लावू?"

"दुसरी नाहीये घरात," ती कशीबशी म्हणाली. "एल्योर-आका, गाड्या थांबल्यात..."

तिने त्याला पहिल्यांदाच 'आका' म्हटलं होतं; त्यांच्याकडे बायका नवऱ्यालाही अशीच आदराने हाक मारत. त्याने डोळे मिटून चावा घेतला. कडकन आवाज झाला, तो रोटीचा की दाताचा, कळलं नाही. तोंडात तो तुकडा घोळवतच तो गाडीत चढला, आणि धुळीत मागचा लाल दिवा दिसेनासा झाला.

घरी येऊन तिने रोटी होती तशी टांगली. तेव्हा कुठे तिला समजलं की आपण काय करून बसलो. एका रोटीला एकच माणूस असतो. एकालाच ती हाक मारते. आता ती कुणाला हाक मारणार? बाबांना की त्याला? गाठोड्याकडे बघून ती मनात बाबांचं नाव घ्यायची आणि लगेच तिला वाटायचं, आपण एल्योरला मृत्यूच्या तोंडी देतोय. त्याचं नाव घ्यायची, आणि बाबांची आठवण येऊन ते अर्ध्यावरच सोडायची. बालवाडीतल्या मुलांनी 'बटाटेवाले' म्हटलं तरी ती आता रागवत नव्हती.

बाबा आले ते एका दुपारी, हेलिकॉप्टरने, जखमींसोबत. दाढी वाढलेली, पण धडधाकट. आई त्यांच्या बाहीला धरून नुसती उभी राहिली. ओयदिनच्या जिवात जीव आला, आणि पुढच्याच क्षणी तो पुन्हा गेला. रोटीने आपल्या एकाच माणसाला आणलं होतं.

आईने चहा ठेवला, गाठोडं उतरवून बाबांपुढे सोडलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

"माझ्या रोटीला दुसरे दात कुणाचे?" बाबांनी विचारलं. ते बुटाची नाडी सोडत होते.

"सार्जंट एल्योरचे," ओयदिन म्हणाली. "मी दिली."

"शिध्याच्या ताफ्यातला एल्योर?" बाबांची बोटं नाडीवर थांबली. मग पुन्हा चालू झाली, फार सावकाश. बाबा काही लपवत असले की बूट काढायला वेळ लावतात, हे ओयदिन अक्षरं गिरवायच्या आधी शिकली होती.

"बाबा... किती वेळ एकच नाडी सोडताय?"

त्यांनी सुस्कारा टाकला. "ताफा परतताना घाटात स्फोट झाला. रस्ता बंद आहे. कुठली गाडी, ते कळलेलं नाही."

मग ओयदिनला आवरेना. "तुम्ही आलात, बाबा. हाक संपली. आता त्याला कोण..." पुढचं हुंदक्यात गेलं. सगळं बोलून टाकलं तिने, बसथांब्यापासून गेटपर्यंत. आई ऐकत होती, बाबा रोटीकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या चाव्याशेजारचा एक छोटा तुकडा मोडला, चहात बुडवून खाल्ला, आणि उरलेली रोटी कापडात बांधून स्वतःच्या हाताने खिळ्यावर टांगली. आयुष्यात पहिल्यांदाच टांगत होते. गाठ सुटली, पुन्हा बांधावी लागली.

"अहो, सगळी संपवायची असते," आई घाबरून म्हणाली.

"मी घरात बसलोय ना? मला अजून कुठे हाक मारायची तिने?"

आणि मग बाबाही त्या दोघींबरोबर वाट बघायला बसले. त्यांना बसवेना. ते खिडकीशी जात, परत येत. खाली गाडी थांबली की पाठ ताठ होई. गाडी निघून गेली की ते उगाच घसा खाकरत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

"हे असं... दर वेळी होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"दर वेळी," आई तांदूळ निवडत म्हणाली. "तुम्हाला काय वाटलं, आम्ही सिनेमाला जायचो?"

बाबा खिडकीपासून वळले. त्यांनी ओयदिनच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

तेवढ्यात दार वाजलं. तिघंही जागच्या जागी गोठली. "मी उघडतो," बाबा म्हणाले, पण कडी उलट्या बाजूलाच ओढत राहिले.

दारात हमिदा-ओपा उभ्या होत्या. "वारा पडलाय, तंदूर पेटवते. जरा खमीर आहे का? आणि तुमच्या जिन्यात एक सैनिक कधीचा ताटकळतोय, तुमचाच आहे का बघा. वर जा म्हटलं, तर म्हणतो भीती वाटते."

ओयदिन अनवाणीच धावली. मधल्या टप्प्यावर एल्योर भिंतीला टेकून उभा होता. डावा हात गळ्यात बांधलेला, भुवया करपलेल्या, टोपी उजव्या हातात चुरगळलेली.

"मागच्या गाडीखाली सुरुंग फुटला," तो म्हणाला. "माणसं ओढून काढली, वाचली. गेली ती रिकामी पोती. वरून चालत आलो..." मग आवाज खाली आणून, "साहेबांनी रोटी बघितली का?"

ती जिन्यातच खाली बसली. हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं. तो शेजारी बसला, पण मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"सार्जंट," वरून बाबांचा आवाज आला. "तुझा वाटा शिल्लक आहे. दात शाबूत असतील तर ये."

"येतो, साहेब." तो उठेचना.

"ऐका," ओयदिन म्हणाली. "मी भित्री आहे. तुम्ही गाडी चालू केलीत की माझं जेवण बंद होईल. जिन्यात कुणीही शिंकलं तरी मी दचकेन. म्हातारी झाले तरी यातलं काही सुटायचं नाही. आधीच सांगून ठेवते."

"घाटात मला एवढी भीती नाही वाटली," एल्योर म्हणाला, "जेवढी आत्ता वाटतेय."

"कशाची?"

"तुम्ही पुढे काय म्हणाल त्याची."

तिने मधलं अंतर संपवलं, आणि करपलेल्या भुवईवरची राख बोटाने पुसली. त्यांच्याकडे मागणी घालायला मुलाची आई यावी लागते, आणि फरगाना काही जवळ नाही.

"तुमच्या आईंना बोलावून घ्या," ती म्हणाली. "मिळेल त्या पहिल्या गाडीने. माझा धीर टिकलाय तोवर..."