मागच्या चाकावरची सवत

दिनेश पहिल्यांदा दुकानात आला तो सायकलवर बसून नव्हे, सायकल ओढत.

धसईच्या एसटी स्टँडसमोरचं ते सायकल दुरुस्तीचं दुकान नामदेवचं. त्याचे गुडघे गेल्यापासून ते त्याची मुलगी दामिनी चालवायची. तिच्या हाताला असा गुण, की ट्यूब पाण्यात घालायच्या आधीच बुडबुडे यायला लागत. खोटं वाटत असेल तर घमेल्याला विचारा.

"सायकल चालवायची असते रे. म्हशीगत ओढतोस काय?"

"आज रुसलीय ती."

"कोणाकोणाला रुसवून ठेवलंयस असं?"

दिनेश हसला. दोघं घमेल्यावर वाकली. पाण्यात दोन चेहरे... आणि मधोमध एक बुडबुडा फुटला. झालं! तेव्हापासून तो रोज सकाळी वाडीवरून येऊन सायकल दुकानाशी लावायचा, मुरबाडच्या कंपनीत जायची एसटी पकडायचा, आणि संध्याकाळी सायकल घ्यायला म्हणून येऊन बसायचा तो उठायचाच नाही.

पण पौष लागला आणि त्याचं मागचं चाक दर दोन-तीन दिवसांनी बसायला लागलं. काटा नाही, खिळा नाही. ट्यूबला दोन भोकं, शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी. हवा कमी, ओझं जास्त आणि खाली दगड असला, की रिम ट्यूबला अशी चावते. वाडीच्या रस्त्याला दगड भरपूर. तिथून कावळेसुद्धा पायी जात नाहीत, उडून जातात. पण ओझं? दिनेश इतका किडकिडीत, की वारा सुटला तर खिशात धोंडे घालून निघायचा.

"मागं कोण बसतं रे तुझ्या?" दामिनीनं विचारलं.

"कोण नाय गो." त्याचे कान लाल झाले.

"या चाकावर दोघांचा भार होता. हवा तरी नीट भरून घेत जा."

"कमीच बरी. मऊ बसते गाडी."

मऊ! कोणासाठी मऊ? दामिनीच्या अंगाची लाही झाली. पुढं स्टँडवर येणाऱ्या पोरींची ती तोंडं बघेनाशी झाली, वजनं बघायला लागली. गिरणीवरची रत्ना... छे, हिच्यानं असलं भोक पडायचं नाही. भाजी विकणारी माधुरी... हं. हीच ती!

आणि नेमका तेव्हाच दिनेश म्हणाला, "रविवारी म्हशाच्या जत्रेला जाशील ना? मी म्हनत होतो—"

"जाणार की. सुनिलच्या मोटरसायकलवरनं."

सुनिलचं स्थळ नामदेवला पसंत होतं. दामिनी एकदा हो म्हणाली की सुपारीच फुटायची.

"हां... मग राहू दे," दिनेश म्हणाला आणि सायकल हातात धरून चालत निघून गेला.

रविवारी सुनिल न्यायला यायच्या आधी दामिनी स्वतःची सायकल घेऊन वाडीच्या रस्त्याला लागली. एकदा डोळ्यांनी बघायचं, मग सुनिलला काय ते सांगायचं. वळणावर दिनेश दिसला. आणि त्याच्या मागे, हिरव्या पातळात, चांगली भरलेली, निवांत बसलेली... ती!

दामिनीनं असं पायडल मारलं, की तिची सावली मागं राहिली. म्हणतात, ती अजून त्या रस्त्यावर हिला शोधत फिरते.

"ए टवळे! उतर खाली!"

टवळी हलेना. दामिनीनं सायकल जवळ घेतली, पदर धरला आणि हिसडा दिला. पातळ सुटलं आणि रस्त्यावर भळाभळा भाताचे दाणे सांडले.

दिनेश ब्रेक दाबून थांबला. दामिनी पातळ हातात धरून तशीच उभी.

"हे... पोतं आहे?"

"उसवलंय. म्हनून आईचं जुनं पातळ गुंडाळलं."

"रोज भात फिरवतोस?"

दिनेश घंटीकडे बघत बोलला, "मला डबलसीट जमत नाय गो. बहिणीला दोनदा पाडलीय. तुला जत्रेला नेताना पाडली असती तर... म्हनून पोतं बांधून सराव करत होतो. तुला दगडांचे हादरे बसू नयेत म्हनून हवा कमी ठेवली. आज तू सुनिलसंगं जाणार, तरी पाय काय थांबेनात."

दामिनीचा राग विरघळायला लागला होता. तेवढ्यात तिची नजर पोत्यावर गेली.

"थांब. मी एवढी जाड आहे?"

"नाय गो! थोडं जास्तच भरलं. पुढं लग्न झाल्यावर वाढलीस तर..." त्यानं जीभ चावली.

"कोणाशी लग्न?"

"सुनिलशी नाय... असं मला वाटतंय. तुला?"

दामिनीनं कॅरियरवरचं पोतं सोडलं. "उचल हिला," ती दिनेशला म्हणाली. "बस बांधावर, भवाने," असं त्या पोत्याला ऐकवलं आणि आपली सायकल शेजारी लावून ती कॅरियरवर बसली.

"आणि सुनिल?"

"त्याला सांगेन, मला जागा मिळाली. चल."

दिनेशनं सायकल काढली, ती दोरी ताणल्यासारखी सरळ. पण पोत्यानं कधी त्याच्या कमरेला हात घातला नव्हता. दामिनीनं घातला... आणि हँडल एकीकडे, डोळे एकीकडे, दोघं थेट वालाच्या शेतात!

"लागलं का गो?"

दामिनीच्या केसांत वालाची फुलं अडकली होती. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"नाय," ती म्हणाली. "परत चालव. या वेळी घट्ट धरते."