शेरूवर नजर

शेवंतीची पाटी डोक्यावर घेऊन चांगुणा खंडेरावांच्या बांधावरून झपझप निघाली होती. मखमलाबादच्या मळ्यांवरून धुकं अजून उठलं नव्हतं. त्या धुक्यातूनच खंडेरावांचा शेरू भुंकत आला आणि तिच्या पोटरीत दात रोवून मोकळा झाला.

पाटी उलटली. फुलं चिखलात. चांगुणा रडली नाही, संतापली.

"खंडूकाका! बाहेर या! बघा तुमच्या लाडक्यानं काय केलं ते!"

बाहेर आला तो मात्र वाल्मीक, खंडेरावांचा मुलगा. पुण्यात आयटीआय करून, सातपूरच्या कारखान्यात लागला म्हणून नुकताच परतलेला. चांगुणानं त्याला शेवटचं पाहिलं होतं ते चड्डीतल्या वयात. त्यानं आधी शेरूला साखळीनं बांधलं, मग धावत तिच्याकडे आला. तोवर तिची आई, झुंबरबाई, मूठभर मिरचीपूड घेऊन पोचली होती.

"भरते जखमेत. विख उतरतं."

"थांबा मावशी! मिरची, हळद, चुना... काही नको. कारखान्यातले डॉक्टर सांगतात, साबणानं धुवायचं, भरपूर पाण्यानं. मग थेट दवाखाना."

आणि त्यानं चांगुणाचा पाय विहिरीवरच्या मोटारीच्या धारेखाली धरला.

"पाय सोड माझा!"

"सोडतो. आधी धुऊ दे."

"आधी कुत्रं सोडायचं, मग पाय धरायचे! बरी रीत आहे तुमच्या घरची!"

तो हसला. तिला आणखीच चीड आली. पण जखमेच्या कडेनं त्याची बोटं इतकी हलकी फिरत होती, की... तिनं मान फिरवली.

वडील भिमाजींनी तिला सायकलवरून सिव्हिलला नेलं. मागून वाल्मीकही आला. डॉक्टर म्हणाले, "चौदा इंजेक्शनं, पोटात. कुत्रं मात्र बांधून ठेवा आणि त्याच्यावर नजर ठेवा. दहा दिवस ते ठणठणीत राहिलं, तर सुया थांबवू. मेलं किंवा हरवलं, तर सगळ्या घ्याव्या लागतील."

दुसऱ्या दिवशी शेरू गायब!

"आमचा शेरू कुणाला चावत नाय," खंडेराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. "तूच काहीतरी केलं असशील. गावात बोभाटा नको, म्हणून विंचूरला मेव्हण्याकडं धाडला."

"काका, माझं पोट म्हणजे सुया टोचायची उशी वाटली का तुम्हाला?"

खंडेरावांनी दार लावून घेतलं. संध्याकाळी वाल्मीक कामावरून आला, तशी ती रस्त्यातच त्याला आडवी गेली. सगळं ऐकून तो सायकलच्या हँडलकडे बघत राहिला.

"बोल की! का तुझ्या बापानं तुझ्याही तोंडाला साखळी लावलीय?"

तो सायकल वळवून निघून गेला. भेकड, भेकड, भेकड... चांगुणा घरापर्यंत पुटपुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुखरं पोट धरून सिव्हिलमधून परतत होती. कांद्याचा एक ट्रक रस्त्याकडेला थांबला. वाल्मीक खाली उतरला. केसांत कांद्याची टरफलं, डोळे लाल, हातात साखळी. आणि साखळीला शेरू!

दारातच खंडेराव कडाडले, "त्या पोरीपायी बापाच्या विरोधात जातोस? घरात पाय ठेवू नको!"

"नाय ठेवत," वाल्मीक म्हणाला. मोटारीच्या खोपटात त्यानं पथारी टाकली आणि चांगुणाच्या अंगणातून दिसेल असा शेरूला बाहेर बांधला.

मग ती रोज जाऊ लागली. शेरूला बघायला.

"खाल्लं का त्यानं?"

"दोन भाकरी. मी एकच."

"तुझं कोण विचारतंय?"

"कुणीच नाही... म्हणून तर सांगितलं."

दुसऱ्या दिवशी तिनं फडकं पुढे केलं. "शेरूसाठी आणलंय."

"ठेचासुद्धा?"

"गिळायचं तर गीळ!"

शेरू ठणठणीतच राहिला. डॉक्टरांनी सुया थांबवल्या. हे सांगायला ती खोपटाशी आली, तर वाल्मीक सहज म्हणाला, "चला, सुटलीस. आता रोज यायला नको तुला."

चांगुणाचं डोकंच फिरलं. "नको म्हणजे? मी काय त्या कुत्र्याला बघायला येत होते? डोळे फुटलेत का तुझे?"

बोलून गेली... आणि ओठ चावून उभी राहिली. थंडीतही तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मग कुणाला?" त्यानं हळूच विचारलं.

"विचारू नकोस. मला राग आलाय."

"तो तर मला आवडायला लागलाय."

"जन्मभर सोसशील?"

"सोसेन. तू हो तर म्हण."

"म्हणेन. पण आधी तुझ्या वडिलांनी आमच्या दारात येऊन चूक कबूल करायची. त्याशिवाय त्या घरात पाऊल टाकणार नाही."

"वडील वाकायचे नाहीत, चांगुणा."

"मग मीही वाकायची नाही!"

त्यानं समजूत काढली नाही. तडक बापासमोर जाऊन तिचा शब्द जसाच्या तसा सांगितला आणि परत खोपटात येऊन राहिला. रिकामं घर खंडेरावांना खायला उठलं. एका सकाळी ते भिमाजींच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले, हातात टोपी, नजर जमिनीवर.

"पोरी... कुत्रं लपवलं, ते चुकलंच माझं. तुझ्या जिवाचा विचार केला नाय."

चांगुणाजवळ किती तिखट उत्तरं तयार होती! पण तो पांढरा, उघडा माथा पाहून तिनं घोंगडी पसरली.

"बसा काका," ती म्हणाली. "चहा टाकते."

कुंपणाबाहेर वाल्मीक घुटमळत होता.

"आणि तू रे? तुला काय वाजतगाजत आणायचं?"

"ते तर आणावंच लागेल," तो म्हणाला, आणि चपला काढून आत आला.