मास्तरांचा चढा सूर

तो क्लब म्हणजे पूर्वीचं बुटांचं दुकान होतं. मालकीणबाईंनी कपाटं काढली, रंग दिला, बारा टेबलं मांडली; पण भिंतीच्या पायथ्याशी बसवलेले तिरके आरसे तसेच ठेवले. त्यामुळे छोट्याशा स्टेजवरून समोरची माणसं जेमतेम दिसायची, त्यांचे बूट मात्र अगदी स्वच्छ. मी बास गिटार वाजवतो. बासवाल्याकडे कोणी पाहत नाही, म्हणून त्याला इकडेतिकडे पाहायला भरपूर वेळ असतो.

आम्ही तिघं. मी, गिटार वाजवत गाणारा माझा धाकटा भाऊ आणि ड्रमवर पैलवान, ज्याचं वजन त्याच्या ड्रमपेक्षा कमी आहे. रविवारी दुपारी चारचा कार्यक्रम, साडेतीन तासांचा रस्ता. एवढ्याशा जागेसाठी एवढं लांब आलो, कारण रेकॉर्ड कंपनीचे एक साहेब त्या गावात सासुरवाडीला आले होते आणि फोनवर "ऐकू की" म्हणाले होते. आवडलं तर धाकट्याची स्वतःची, एकट्याची रेकॉर्ड. धाकटा छत्तीस वर्षांचा झाला होता. असं "ऐकू की" त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"दादा, आज घसा तेवढा नीट राहू दे," गाडीत तो तिसऱ्यांदा म्हणाला.

"घसा तुझा. अर्ज माझ्याकडे कशाला करतोस?"

"तू तोंड मिटून बसलास की मला धीर येतो रे."

मी तोंड मिटलं.

पूर्वी आम्ही चौघं होतो. अकॉर्डियनवर, म्हणजे छातीशी धरून भाता उघडत-मिटत वाजवायच्या पेटीवर, मास्तर. अकॉर्डियनचं असं असतं की त्याचे सूर आत पक्के बसवलेले असतात, कार्यक्रमाआधी खुंटी पिळायची सोय नाही. जुळवून घ्यायचं ते बाकीच्यांनी. मास्तरांचा अकॉर्डियन केसभर चढा होता, म्हणून अकरा वर्षं आम्ही आमच्या तारा केसभर चढ्या लावल्या. ते गेल्यापासून सूर तपासायचं खिशातलं यंत्र वापरतो. हिरवा दिवा लागला की सूर बरोबर.

त्या दुपारी मी तारा लावल्या, दिवा हिरवा. धाकट्याच्या गिटारचाही हिरवा. पहिला सूर एकत्र छेडला आणि तिघांचीही तोंडं कारलं चावल्यासारखी झाली.

"खाली वाटतंय," पैलवान म्हणाला. ज्याच्या वाद्याला सूरच लावायचा नसतो, तो माणूस हे म्हणाला.

खुंट्या थोड्या पिळल्या. मग सगळं कसं छान, घट्ट, घरचं वाटायला लागलं. दोघांनी आपापलं यंत्र लावून पाहिलं. लाल दिवा. केसभर चढं.

"बिघडलंय," धाकटा म्हणाला.

"दोन्ही यंत्रं?"

त्याने दोन्ही उचलून बॅगेत टाकली आणि चेन लावली.

आता सांगून टाकतो. आमचं जे एक गाणं चाललं, त्याची चाल मास्तरांची. रेकॉर्डवर नाव छापलं धाकट्याचं. मास्तरांनी वादकांच्या संघाकडे तक्रार केली. चौकशीत मी शपथेवर सांगितलं की ही चाल आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर, माझ्या भावाला सुचली. वेळही सांगितली, सव्वाअकरा. तपशील दिला की लोकांना खरं वाटतं. मास्तर चिडले नाहीत. चाल वाजवून दाखवायला आणलेल्या अकॉर्डियनचा भाता बंद करून पट्टा लावला आणि धाकट्याला म्हणाले, "मी चाल छातीशी धरून केली होती. बघ, तुझ्या छातीला पेलते का." नऊ महिन्यांनी ते दम्याने गेले. त्या दिवशी आम्ही बाहेरगावी तीच चाल वाजवत होतो.

चारला पंचवीसेक माणसं आली. साहेब पुढच्या टेबलाशी, तपकिरी बूट, मांडीवर डायरी. पहिली तीन गाणी नीट झाली. चौथं ते.

गाण्याच्या मधोमध मास्तरांचा एकट्याचा तुकडा असे, सोळा ठोक्यांचा. ते गेल्यावर आम्ही तो कापला आणि दोन टोकं जोडून टाकली. शंभर वेळा तसंच वाजवलं असेल. त्या दिवशी त्या जागी आलो आणि तिघंही थांबलो. ठरवून नाही. हात उचलले गेले, इतकंच.

मी आरशात पाहिलं. सगळे बूट ठेका धरत होते. पंचवीस जोड एकाच तालावर, काहीच वाजत नसताना.

सोळाव्या ठोक्याला टाळ्या पडल्या. मालकीणबाई काउंटरमागून म्हणाल्या, "वा!"

धाकट्याने पुढचं कडवं उचललं. आवाज असा काही लागला होता. इतका भरलेला, इतका सलग. भाऊ आहे म्हणून सांगत नाही. तो इतका चांगला गात नाही.

साहेब माझ्या बाजूला झुकले. "कमाल आहे! श्वास कुठे घेतो हो हा?"

मी पाहिलं. घेत होता. छाती फुगत होती, बसत होती. पण सूर दोन्ही वेळा येत होता. बाहेर जातानाही, आत येतानाही.

माणूस आत येणाऱ्या श्वासावर गात नाही. अकॉर्डियनचा भाता गातो.

गाणं संपलं. पैलवानाने झांज हाताने धरून थांबवली. मी तारांवर पंजा ठेवला.

धाकटा थांबला नाही.

शब्द संपले होते. नुसती चाल येत होती, पहिल्यापासून. ओठ निळसर झाले होते. त्याने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. आवाज तेवढाच राहिला.

लोक टाळ्या वाजवत होते.

मी त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. त्या उघडत होत्या, मिटत होत्या, माणसाच्या बरगड्यांनी जेवढं उघडू नये तेवढ्या. तो माझ्याकडे बघत होता. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हा असाच वर बघत होता.

"साहेब," मी माइकवर म्हणालो, "ही चाल याची नाही. मास्तरांची आहे. याने चोरली."

साहेबांनी डायरी मिटली.

धाकट्याच्या छातीतला सूर तुटला. तो गुडघ्यांवर बसला. मला "दादा" म्हणायला त्याने तोंड उघडलं. नुसता वारा आला, आणि त्या दिवसापासून नुसता वाराच येतो.

पण जिवंत होता. श्वास चालू होता, साधा, बिनसुराचा. घाईत "याने" म्हटलं, "आम्ही" म्हणायचं राहून गेलं, हे माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, आता कशाला. कोणी विचारलंही नव्हतं.

मी एक लांब, सुटकेचा श्वास घेतला.

घेतानाच तो वाजला.