थांब, आधी मोज

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण सुधन्वा माझा सख्खा मावसभाऊ, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही.

मे १९९७. रविवारची भर दुपार. नोएडातलं सेक्टर दोनमधलं ऑफिस, बाहेर लूचा होरपळता वारा, आत तो एकटाच.

पानिपतच्या एका कापडगिरणीच्या बॉयलरचा सी भाषेतला जुना प्रोग्रॅम त्याला नव्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालता करायचा होता. वाफेचा दाब वाढला की घंटा वाजवायची, एवढंच प्रोग्रॅमचं काम. सोमवारी सकाळी फ्लॉपी पानिपतला जाणार होती.

प्रोग्रॅम ऑफिसातले जुने इंजिनियर मुरलीधरकाका यांनी लिहिलेला. काका मागच्या दिवाळीत वारले. माणूस भलताच शिस्तीचा. प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ते एक पहारा बसवायचे. कंपायलर अनोळखी निघाला की काम तिथंच अडायचं आणि पडद्यावर निरोप यायचा. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मराठी.

थांब. आधी मोज.

नव्या कंपायलरवर सगळ्या फाइली अडल्या.

उल्हास साहेबांचा फोन आला. "यार सुधन्वा, तो पहारा उडवून टाक ना. काका आता थोडेच विचारायला येणारेत?"

सुधन्वानं उडवला. नवी नोकरी, साहेबांना नाही कोण म्हणणार?

पुन्हा कंपाइल केलं...

थांब. आधी मोज.

त्यानं सगळ्या फाइली धुंडाळल्या. ती ओळ कुठंच नव्हती. मशीन बंद करून परत चालू केलं.

तोच निरोप... आणि पुढे एका फाइलचं नाव, एक आकडा. दोनशे बारा.

तेवढ्यात मागून आवाज आला...

टक-टक.

काका एंटर नेहमी दोनदा मारायचे. पण त्यांचं टर्मिनल कधीच भंगारात गेलं होतं. मागे नुसतं रिकामं टेबल.

सुधन्वा उठून उभा राहिला. पळावंसं वाटत होतं, तरी त्यानं त्या फाइलची दोनशे बारावी ओळ उघडली. तिथं दाबाचा आकडा साठवला जात होता. त्यानं मोजून पाहिलं. जुन्या कंपायलरनं आकड्याला जेवढी जागा दिली होती, तिच्या निम्मीच नवा देत होता. दाब फार चढला असता तर आकडा उलटून उणे झाला असता आणि घंटा गप्प बसली असती.

त्यानं जागा वाढवली. पहारा परत बसवला, त्यात मोजलेल्या कंपायलरचं नाव घातलं.

निरोप गेला.

गुरुवारी गिरणीतून विष्णूचा फोन आला. बॉयलर तोच सांभाळायचा.

"साहब, आज प्रेशर बहुत चढ़ गया था. घंटी बजी, सब बाहर भागे. बच गए."

सुधन्वाला रडूच फुटलं.

"और आपके वो बुज़ुर्ग इंजीनियर साहब को भी शुक्रिया बोलना. घंटी से पहले ही वॉल्व के पास खड़े थे. बार-बार बोल रहे थे... थांब, थांब. इसका मतलब क्या होता है, साहब?"

ऑफिसातून पानिपतला कुणीच गेलं नव्हतं.

आता तो दिल्लीतल्या द्वारकेत राहतो. अजूनही एंटर मारला की क्षणभर कान देतो, मागून टक-टक येते का ते ऐकायला.

परवा आली म्हणाला.

कुठली फाइल मोजायची राहिलीय, ते त्याला अजून सापडलेलं नाही.