बाबूच्या पायावरचं पाणी

हे मी स्वतः पाहिलं आहे. ऐकीव असतं तर लिहिलं नसतं. खात्री न झालेली बातमी थांबवायची, हेच माझं रोजचं काम. त्यात आम्ही बौद्ध. आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही.

गाव तेर, जिल्हा धाराशिव. रात्र नव्हती. गेल्या एप्रिलमधली भर दुपार होती.

मुक्ताबाई माझ्या आजोबांची बहीण. बाबू त्यांचा धाकटा भाऊ. तेरणेच्या डोहात पोहायला शिकला आणि नौदलात भरती झाला. सुट्टीवर आला की उंबऱ्याबाहेर थांबून विचारायचा, "अक्का, येऊ का?" अक्कानं पायावर पाणी घातल्याशिवाय आत यायचा नाही. म्हणायचा, "समुद्रभर पानी हाय, पर पाय हितंच निवत्यात."

एकाहत्तरच्या युद्धात त्याच्या जहाजावर टॉर्पेडो आदळला. तो खाली इंजिनाजवळ होता.

वर आला नाही. प्रेतही मिळालं नाही.

शेवटचं निघताना तो सगळे म्हणतात तसं "येतो" म्हणाला होता. मुक्ताआजीनं तो शब्द धरून ठेवला.

गावाला शहिदांच्या दगडावर त्याचं नाव कोरायचं होतं. आजी अडून बसल्या. समजूत काढायला मला पाठवलं.

"नाव कोरलं की मानूस मेला," आजी म्हणाल्या. "मंग त्यानं यायचं कुठं?"

"आजी, ते कधीच गेले..."

"तुमच्या पेपरात गेला आसंल. हितं रोज येतो."

मला हसू आलं.

तेवढ्यात शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज... थांबला. पट्टा फिरताना दिसत होता. आवाज नव्हता.

आजी उठल्या. तांब्या घेतला.

"ये," म्हणाल्या, आणि उंबऱ्याबाहेर पाणी ओतलं.

पाणी फरशीपर्यंत पोचलं नाही. घोट्याएवढ्या उंचीवर... फुटलं.

मग ओली पावलं उमटली. आत येणारी.

मी वाकलो. बोट लावून जिभेला टेकवलं.

खारट.

गिरणी पुन्हा ऐकू आली.

"म्या गेल्यावर त्याच्या पायावर पानी कोन घालंल?" आजींनी विचारलं. "तेवढं सांग. मंग खुशाल कोरा नाव."

मला फक्त तिथून निघायचं होतं.

"मी घालीन," म्हणालो.

त्या आतल्या रिकाम्या खोलीकडं वळल्या. "ऐकलंस का बाबू? आता ह्याच्यासंगं जा."

चपला घालताना मी सवयीनं म्हणालो, "येतो, आजी."

माझ्या मागं, उंबऱ्याच्या आतून, कुणीतरी म्हणालं...

"येतो, अक्का."

नाव कोरलं गेलं. आजी पावसाळ्यात वारल्या.

धाराशिवला माझ्या फ्लॅटच्या दारासमोरची फरशी दुपारी ओली होते. शेजाऱ्यांनी दोनदा प्लंबर बोलावला. गळती सापडली नाही.

मी दाराशी तांब्या भरून ठेवतो. ओतायचं धाडस होत नाही.

आता कुणाचाही निरोप घेताना मी "येतो" म्हणत नाही. नुसता निघतो. काल ऑफिसातून तसाच निघालो.

शेजारच्या टेबलावरचा सुगत मान वर न करता म्हणाला,

"हां, ये. आवाजाला काय झालं रे तुझ्या?"