नाही दिसत

शेवटची ओळ त्याने न अडखळता वाचली, आणि त्यातलं एक अक्षर बरोबर असेल तर शपथ!

"पाठ केलीत ना?" चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी ती हसू दाबत म्हणाली. "जुना चष्मा लावून तक्त्याकडे टक लावून बसलात, तेव्हाच ओळखलं. म्हणून तक्ता बदलला."

त्याचे कान लाल झाले. "मी... गणिताचा मास्तर. चुकायची सवय नाही."

"'नाही दिसत' म्हणणं म्हणजे चूक नाही हो! खोटं वाचाल, तर खांबाला तुम्ही धडकाल आणि नाव माझं खराब."

पुढच्या आठवड्यात मास्तर चष्म्याची काडी सैल झाली म्हणून आला. मग घट्ट झाली म्हणून. काडीचं दुखणं नेमकं कुठलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी चर्चमध्ये तो तरुणांना बायबल शिकवायचा, ती मागच्या बाकावरून ऐकायची. शंका विचारणाऱ्याने तोंड उघडायचा अवकाश, की वचन हजर! तिला अभिमान वाटायचा, आणि लगेच काळजीही... कारण घरी बाबा होते.

आई गेल्यापासून बाबा चर्चची पायरी चढले नव्हते. मास्तर पहिल्यांदा चहाला आला, तेव्हा त्यांनी विचारलं, "आम्ही रोज गुडघे टेकले. तुझ्या देवाने का ऐकलं नाही?" मास्तरने वचनांमागून वचनं काढली, वाद जिंकला... आणि बाबा भरला कप ठेवून आत निघून गेले. नंतर तिला एवढंच म्हणाले, "पोरी, सारखं जिंकणाऱ्याबरोबर संसार कठीण."

तिने मास्तरला बजावलं, "आणखी एकदा या. पण आताही जिंकलात, तर लग्नाआधीच काडीमोड समजा."

आज मास्तर आला, तिने पुन्हा कप मांडले. बाबांनी तोच प्रश्न टाकला. मास्तरचा चेहरा वचन काढायच्या बेतात असतो तसा झाला... तिने डोळे मिटले.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाही दिसत, काका."

"काय?"

"हे 'का'. त्या दिवशी मी पाठ केलेलं वाचून दाखवलं. देव आहे, काकू त्याच्याजवळ आहेत, हे मी मागे घेणार नाही. पण का, ते... मला खरंच दिसत नाही."

बाबांनी आपला कप पुढे ओढला. "मग मीही माझा रुसवा सोडत नाही."

"नका सोडू. रुसायला तरी समोर कोणी अस—" मास्तरची नजर तिच्याकडे गेली, आणि उरलेलं वाक्य त्याने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं.

बाबांना हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी. "गिळलंस ना? शिकेल हा! अगं, अर्धा कप ओत अजून याला."

दारात निरोप घेताना मास्तर पुटपुटला, "काडी... पुन्हा सैल झालीय."

तिने दोन्ही हातांनी चष्मा नीट बसवला. "आता कसं दिसतंय? खरं सांगायचं हं."

"धूसर."

"पुन्हा काहीतरीच!"

"नाही गं... तू फार जवळ आहेस."

ती मागे सरकली नाही.