जोडणी सुरू

सकाळी साडेनऊला मी पंपघरात पोहोचले तेव्हा पंपवाले काका स्टुलावर बसून भिंतीवरच्या तबकडीकडे टक लावून बघत होते. तबकडीचा काटा टाकीतलं पाणी दाखवतो. आठवड्यात दोनदा टाकी भरून वाहिली होती, खालच्या गल्लीतल्या घरांत पाणी शिरलं होतं, आणि साहेबांनी काकांकडे लेखी खुलासा मागितला होता. काकांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

"ताई, चूक माझी नाही, एवढं लिहून द्या," ते म्हणाले. "मला यातलं ओ की ठो कळत नाही."

पंपघरातल्या कॉम्प्युटरपासून टाकीपर्यंत नेटवर्कची केबल जाते. ती जोडणी अधूनमधून तुटते, पुन्हा सुरू होते. सुरू झाली की एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायला हवी. टाकीला पातळी विचारायची, नोंद करायची, टाकी भरली असेल तर पंप थांबवायचा, एवढंच तिचं काम. मीच लिहिली होती ती. हाताने चालवली की बिनतक्रार चालायची. आपोआप मात्र ढिम्म.

मी केबल काढली, लावली. काही नाही. स्क्रिप्ट योग्य फोल्डरमध्ये होती, चालवायची परवानगीही होती. तासभर डोकं खाजवल्यावर दिसलं की फाइलची मालकी काकांच्या साध्या खात्याकडे गेली होती. अशी फाइल सिस्टिम आपणहून चालवत नाही, आणि चालवत नाही हे सांगतही नाही. मालकी बदलली, केबल लावली. स्क्रीनवर ओळ उमटली.

जोडणी सुरू. पातळी ३.१०.

"झालं?"

"झालं काका. आता चिंता सोडा."

त्यांनी थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. पलीकडे पंप एकसुरी घरघरत होता. केबलचं टोक सैल वाटलं म्हणून मी ती पुन्हा काढली आणि टोक कापलं. कापलेली केबल माझ्या मांडीवर असतानाच स्क्रीनवर दुसरी ओळ आली.

जोडणी सुरू. पातळी १.२२.

जुनी नोंद उशिरा दिसली असेल, असं वाटलं. पण वेळ आत्ताची होती. या कॉम्प्युटरला वायरलेस नाही. कॉम्प्युटरमागचा, केबल जोडलेली असली की लागणारा हिरवा दिवा विझलेला होता. मी वाकून, बोट लावून खात्री केली.

मिनिटभराने तिसरी ओळ आली. पातळी १.२७.

"काका, टाकीत पाणी किती? इथे सव्वा मीटर दाखवतंय."

त्यांनी तबकडी पाहिली. "तीन मीटर दहा. आपली टाकी इतकी खाली जातच नाही."

मग ते स्क्रीनजवळ आले आणि ओळी वाचू लागले. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला तो टेबलाच्या अगदी काठावर. मी स्क्रिप्ट बंद करायला हात पुढे केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. पाच वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

"राहू द्या. कळू दे."

"काय कळू दे?"

"मागे जुनी टाकी होती. आता तिथे गाड्या लावतात." स्क्रीनवरून नजर न काढता ते म्हणाले. "आमचा दादा आत उतरून तळ घासत होता. शिडी कोणीतरी काढून नेली. इकडे पंप सुरू झाला. टाकी भरतेय, हे इथे कळायला काही साधनच नव्हतं तेव्हा."

पातळी १.३४.

काकांनी तळहात स्वतःच्या छातीवर आडवा ठेवला.

१.४१. तळहात खांद्यापाशी गेला.

मी मनाशी कारणं मोजत होते. खराब सेन्सर. भलत्याच यंत्राचा पत्ता. पण केबल कापलेली होती.

१.४७. हनुवटी.

"दादा माझ्याहून दोन बोटं उंच होता," काका म्हणाले.

"पंप बंद करा!" मी ओरडले. मीच ओरडले.

त्यांनी खटका खाली ओढला. घरघर थांबली.

१.५३.

पुन्हा १.५३.

काका कोपऱ्यात धावले. तिथे जुन्या टाकीतलं पाणी सोडून द्यायच्या नळाचं चाक होतं, रंगाचे थर बसून भिंतीशी एक झालेलं. तो नळ आता कुठेच जात नव्हता. आम्ही दोघांनी चाकाला लोंबकळून ते फिरवलं. पाण्याचा आवाज आला नाही. थेंबही पडला नाही.

मी स्क्रीनकडे पळाले.

१.२०.

०.८५.

०.४०.

मग आकडा थांबला. काका भिंतीला टेकले आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

०.४२. ०.३९. ०.४२.

ओळी आता मिनिटामिनिटाने येत नव्हत्या. एक यायची, जरा थांबून दुसरी. माणूस गुडघाभर पाण्यात एक पाय उचलून पुढे टाकतो, तेवढ्या अंतराने.

"स्क्रिप्ट चालतेय अजून," काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं.

काका माझ्यामागे येऊन उभे राहिले. खूप वेळ ते आकडे बघत होते.

"चालतोय," ते हळूच म्हणाले.